मोटार तापते केव्हां?

पाथर्डीहून नगरास जाणारा रस्ता तिसगांवापर्यंत सुखाचा आहे. पुढें करंजी गांव मागें पडलें, कीं गर्भगिरीच्या रांगेंतील घाट लागतो आणि जुन्या मोटारीची खरी परीक्षा तेथें होते. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत या घाटाच्या एखाद्या वळणावर तोंड उघडून उभी राहिलेली गाडी, तिच्यांतून फुसफुसणारी वाफ आणि हातांत रिकामी बाटली घेऊन पाण्याच्या शोधास निघालेला मालक, हें दृश्य ज्याच्या दृष्टीस पडलें नाहीं असा प्रवासी या बाजूस विरळाच.

पाथर्डींतील एका सेवानिवृत्त तलाठ्यांवर, ज्यांना सारें गांव भाऊसाहेब म्हणतें, हा प्रसंग एका उन्हाळ्यांत तीन वेळां आला. गाडी वडिलांच्या वेळची, १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. ऐंशी उलटलेल्या मातोश्रींच्या डोळ्यांवर नगरास उपचार चालू होते आणि एस. टी.ची पायरी चढणें त्यांच्या गुडघ्यांना आतां झेपत नव्हतें. म्हणून घरच्या गाडीवांचून गत्यंतर नव्हतें. पहिल्या दोन खेपांस गाडी घाटांत तापली. भाऊसाहेबांनीं जवळच्या विहिरीचें पाणी आणून रेडिएटर भरला आणि पुढची वाट धरली. तिसऱ्या खेपेस मात्र मातोश्रींना भर दुपारीं रस्त्याच्या कडेला तास दीड तास बसून राहावें लागलें आणि डॉक्टरांची वेळ टळली. त्या रात्रीं गाडी मोडींत काढण्याचा ठराव घरांत जवळजवळ संमत झाला. “इंजिन म्हातारें झालें; म्हातारपणाला औषध नाहीं,” असें चिरंजीव म्हणाले. हें वाक्य आपण आजीसमोर उच्चारलें, हें त्यांच्या ध्यानांत मागाहून आलें.

शेवटचा निकाल देण्यापूर्वीं भाऊसाहेबांनीं गांवांतील एका वृद्ध मिस्त्रीस बोलाविलें. त्यानें आल्याबरोबर हत्यारांची पेटी उघडली नाहीं. त्यानें एकच प्रश्न विचारला, “भाऊसाहेब, गाडी तापते हें समजलें, पण तापते केव्हां?”

या प्रश्नांत सगळें शास्त्र आलें. मोटार तापणें हा रोग नव्हे, तें लक्षण आहे. मुलाला ताप भरला असतां आई त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवते; पण तेवढ्यावर थांबत नाहीं. ताप सकाळीं येतो कीं सायंकाळीं, थंडी वाजून येतो कीं खोकल्यासह, हें ती वैद्याला सांगते आणि वैद्य त्यावरून निदान करतो. रेडिएटरमध्यें पाणी ओतणें म्हणजे ओल्या फडक्याची घडी ठेवणें होय. तिचा उपयोग आहे. परंतु ती औषध नव्हे.

निदानाकडे वळण्यापूर्वीं इंजिन मुळांत थंड राहतें कसें, हें समजून घेतलें पाहिजे. इंजिनाच्या नळकांड्यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पेटतें, तेव्हां क्षणभर तेथील उष्णमान २,००० अंश सेंटिग्रेडच्या पुढें जातें. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें; तेव्हां स्वतःच्या पोटांत पेटविलेल्या अग्नीनें इंजिन वितळून जात नाहीं, हेंच आश्चर्य मानिलें पाहिजे. पेट्रोलच्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें चौथाई ते तृतीयांश भागच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. उरलेल्यापैकीं बराच भाग धुराबरोबर निघून जातो आणि बाकीचा बाहेर नेऊन टाकण्याचें काम मुख्यतः पाण्याला करावें लागतें. पंप हें पाणी नळकांड्यांभोंवतीं खेळवितो. तें तापून वरच्या नळीनें रेडिएटरमध्यें येतें, तेथील बारीक नळ्यांतून खालीं उतरतें, पंखा त्या नळ्यांवरून हवा ओढतो, आणि निवलेलें पाणी खालच्या नळीनें पुन्हां इंजिनांत जातें. वाटेंत थर्मोस्टॅट नांवाचा एक लहानसा पहारेकरी उभा असतो. पाणी सुमारें ८० ते ८८ अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो रेडिएटरची वाट उघडत नाहीं. कारण फार थंड इंजिनही नीट काम करीत नाहीं.

राहिलें झांकण. पुष्कळांस तें केवळ बूच वाटतें. वस्तुतः त्याची योग्यता मोठी आहे. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीवर आहे. तेवढ्या उंचीवर उघड्या भांड्यांतील पाणी १०० अंशांस नव्हे, तर सुमारें ९८ अंशांसच उकळतें. रेडिएटरचें झांकण आंतील वाफ कोंडून धरतें आणि पाण्यावर दाब ठेवतें. दर चौरस इंचास सात पौंडांचा दाब राहिला, तर तेंच पाणी सुमारें ११० अंशांपर्यंत उकळत नाहीं. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकर याच तत्त्वावर चालतो. कुकरची रबरी रिंग झिजली म्हणजे कडेनें वाफ जाते, शिटी होत नाहीं आणि डाळ कच्ची राहते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. रेडिएटरच्या झांकणाची रबरी चकती झिजली म्हणजे नेमकें तेंच होतें. फरक इतकाच, कीं येथें डाळ कच्ची न राहतां इंजिन शिजून निघतें.

पाण्याची ही चिंता मोटारीच्या जन्माइतकीच जुनी आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्यें कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्था बेंझ या आपल्या दोन मुलांस घेऊन, पतीस न कळवितां, मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीनें गेल्या. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास म्हणून प्रसिद्ध आहे. त्या गाडीचें पाणी वाफ होऊन उडून जात असे. म्हणून वाटेंत जेथें पाणी दिसेल तेथें तें भरून घ्यावें लागे. पुढें १९०१ च्या मर्सिडीज गाडींत विल्हेल्म मायबाख यांनीं आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला, आणि तेंच पाणी पुन्हां पुन्हां निववून वापरणें सुसाध्य झालें. तात्पर्य, आजच्या गाडीला वारंवार पाणी पाजावें लागत असेल, तर ती शंभर वर्षांहून अधिक मागें गेली आहे असें समजावें. सुस्थितींतील गाडी पाणी पीत नाहीं.

आतां मिस्त्रीच्या प्रश्नाकडे वळावें. ‘केव्हां तापते?’ याचीं उत्तरें मुख्यतः चार प्रकारचीं असतात.

गाडी गर्दींत, बाजारपेठेंत किंवा फाटकापाशीं उभी असतां तापते आणि मोकळ्या रस्त्यावर धांवूं लागली कीं निवते, असें असेल तर दोष हवेचा आहे. धांवत्या गाडीस वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीस तो पंख्यानें ओढून आणावा लागतो. जुन्या गाड्यांत पंखा रबरी पट्ट्यानें फिरतो. इंजिन बंद करून पट्टा मध्यभागीं अंगठ्यानें दाबावा. तो सुमारें अर्धा इंच दबला तर ठीक. त्याहून फार सैल किंवा कडेनें चिरलेला असेल तर तेथेंच चोर सांपडला. मारुती ८०० सारख्या गाडींत पंखा विजेवर चालतो. तेथें फ्यूज, तारा आणि पंखा चालू करणारा उष्णतेचा स्विच तपासावा. हा पंखा इंजिन बंद असतांनाही अकस्मात् फिरूं लागतो, म्हणून त्याच्या आसपास बोटें नेऊं नयेत.

उलटपक्षीं, गाडी उभी असतां शांत राहते आणि चढावर किंवा वेगांत तापते, असें असेल तर दोष बहुधा पाण्याच्या प्रवाहाचा आहे. इंजिनाला काम वाढलें, उष्णता वाढली, पण ती वाहून नेणारी वाट अरुंद पडली. रेडिएटरच्या नळ्या आंतून बुजल्या असतील, त्याच्या जाळींत चिखल, पाचोळा व किडे अडकले असतील, पंपाचीं पातीं झिजलीं असतील, किंवा खालची रबरी नळी मऊ पडून वेगांत पंपाच्या ओढीनें चपटी होत असेल. ही शेवटची खोड फसवी आहे. गाडी थांबली कीं नळी पूर्ववत् फुगते आणि पाहणारास कांहींच दोष दिसत नाहीं. कोणास तरी ॲक्सिलरेटर दाबावयास सांगून त्या वेळीं नळीकडे पाहिलें, तरच ती पकडली जाते.

गाडी सुरू केल्यावर पांचदहा मिनिटांतच काटा वर जातो, असें असेल तर पाणी फार कमी झालें आहे, किंवा थर्मोस्टॅट मिटलेलाच राहिला आहे. अशा वेळीं वरची नळी बराच वेळ थंड राहते आणि इंजिन मात्र कढत असतें. थर्मोस्टॅटची परीक्षा घरच्या शेगडीवर होते. तो काढून, दोऱ्यानें पातेल्यांतील पाण्यांत टांगून तें तापवावें. पाणी उकळूं लागेपर्यंतही तो उघडला नाहीं, तर तो बदलावा.

चौथा प्रकार सर्वांत गंभीर. पाणी रोज कमी होतें, जमिनीवर थेंब पडत नाहीं, सायलेन्सरमधून पांढरी वाफ दाट व सतत येते, तेलाच्या कांडीवर सायीसारखा पांढुरका थर दिसतो, किंवा थंड इंजिन सुरू करून झांकणावांचून पाहिलें असतां रेडिएटरांत सारखे बुडबुडे येतात. हीं हेड गॅस्केट फाटल्याचीं किंवा हेडला तडा गेल्याचीं चिन्हें होत. तेथें घरगुती उपायांत वेळ न दवडतां गाडी कारखान्यांत न्यावी.

यांखेरीज दोन ढोंगी दुखणीं आहेत. एक म्हणजे काटाच खोटें बोलतो. पाणी पार निघून गेलें, तर उष्णता मोजणारा कंद कोरडा पडतो आणि काटा उलट खालीं येतो. मालकास वाटतें, गाडी निवली. दुसरें, घाटांत गाडी गचके देऊन बंद पडते, पण काटा मध्यावरच असतो आणि वाफेचें नांव नसतें. येथें इंजिन नव्हे, पेट्रोल तापलेलें असतें. पंपांत किंवा नळींत त्याची वाफ होऊन प्रवाह तुटतो. अशा वेळीं रेडिएटर उघडण्याचें कारण नाहीं. थोडा वेळ थांबून पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें ठेवलें म्हणजे गाडी पुष्कळदां मुकाट्यानें सुरू होते. या दोन्ही प्रकारांस लोक ‘गाडी तापली’ असेंच म्हणतात आणि मग भलत्याच ठिकाणीं औषध लावतात.

भाऊसाहेबांचें उत्तर दुसऱ्या प्रकारांत बसणारें होतें. पाथर्डीच्या पेठेंत गाडी कितीही वेळ उभी राहिली तरी काटा हलत नसे. तिसगांवापुढें वेग घेतला कीं तो चढूं लागे आणि घाटांत वाफ येई. मिस्त्रीनें पट्टा दाबून पाहिला, खालची नळी चाचपली. दोन्ही ठीक होतीं. मग त्यानें गाडी चांगली तापूं दिली, इंजिन बंद केलें आणि रेडिएटरच्या जाळीवरून सावकाश तळहात फिरविला. वरचा भाग ऊन होता. मधला व खालचा मोठा पट्टा मात्र थंड लागला. थंड म्हणजे तेथें गरम पाणी पोंचतच नव्हतें. निम्म्याहून अधिक नळ्या बुजल्या होत्या.

त्यानें दुसरा प्रश्न केला, “पाणी कोठलें घालतां?”

पाणी विहिरीचें होतें. दख्खनच्या काळ्या खडकांतील विहिरींचें व बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. स्नानाच्या पाण्याचा तांब्याचा बंब दोनचार वर्षांनीं आंतून पाहिला, म्हणजे त्यावर चढलेलें क्षारांचें पांढरें कवच दिसतें. तेंच कवच रेडिएटरच्या नळ्यांत चढतें. आणि त्या नळ्या इतक्या अरुंद, कीं थोड्याशा थरानें त्यांचा गळा आवळला जातो. परंतु रेडिएटरमध्यें एकदां भरलेल्या पाण्यांत क्षार मोजकेच असतात. तें पाणी आंतच राहिलें तर एवढें कवच चढत नाहीं. सारखें नवें पाणी घातलें तरच सारखे नवे क्षार आंत जातात. तेव्हां तिसरा प्रश्न ओघानेंच आला: मुळांत पाणी कमी कां होत होतें? मिस्त्रीनें झांकण उलटें करून दाखविलें. त्याची रबरी चकती कडक होऊन चिरली होती.

सगळी साखळी आतां उलगडली. झांकण दाब धरीना, म्हणून पाणी लवकर उकळून उडूं लागलें. तें उडालें, म्हणून विहिरीचें पाणी घातलें. तें घातलें, म्हणून नळ्या बुजल्या. नळ्या बुजल्या, म्हणून गाडी अधिक तापली. आणि ती अधिक तापली, म्हणून अधिक पाणी घातलें. भाऊसाहेब ज्यास उपाय समजत होते, तोच रोगाचें खतपाणी करीत होता. नवें झांकण बसविलें. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर खालीं उतरवून त्याची वरची टांकी उकलली व नळ्या सळईनें मोकळ्या केल्या. इंजिनांतील पाण्याच्या वाटा उलट प्रवाहानें धुतल्या. आणि पुढें शुद्ध डिस्टिल्ड पाणी व कूलंट निम्में निम्में भरलें. कूलंटमुळें पाण्याचा उत्कलनबिंदु वाढतो आणि गंज व क्षार यांस आळा बसतो. इंजिन म्हातारें झालेलें नव्हतें. त्याचा श्वास कोंडला होता.

साफसफाईच्या बाबतींत दोन इशारे आवश्यक आहेत. धुण्याचा सोडा रेडिएटरांत टाकण्याची पद्धत कोठें कोठें आहे. सोडा ॲल्युमिनियम खातो, आणि अनेक इंजिनांचें हेड ॲल्युमिनियमचेंच असतें. गळका रेडिएटर बंद करण्यासाठीं त्यांत हळद टाकण्याचीही युक्ती प्रसिद्ध आहे. आडरानांत वेळ निभावण्यापुरतें तें क्षम्य असलें, तरी घरीं पोंचतांच सगळें पाणी काढून वाटा धुवाव्या. नाहींतर भोंक बुजविणारी हळद उद्यां नळ्याही बुजवील. त्याचप्रमाणें, गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणें हेंही शहाणपणाचें नाहीं. कांहीं इंजिनांत त्यामुळें पाणी रेडिएटरकडे जाण्याऐवजीं आंतल्या आंतच फिरत राहतें.

सर्व कांहीं तपासूनही दोष न मिळाल्यास नजर पाण्यावरून काढून इतरत्र वळवावी. ठिणगी उशिरां पडत असेल, पेट्रोलचें प्रमाण हवेच्या मानानें कमी असेल, तेलाची पातळी उतरली असेल, किंवा एखादा ब्रेक चाकास धरून बसला असेल, तरीही इंजिन तापतें. ब्रेकची परीक्षा सोपी आहे. थोडें अंतर चालवून गाडी उभी करावी आणि चाकांजवळ हात नेऊन पाहावा. चारांपैकीं एकच चाक फार ऊन लागलें, तर इंजिनावर उगाच ओझें पडत आहे.

घाटांत प्रत्यक्ष प्रसंग ओढवला तर काय करावें? काटा तांबड्या खुणेकडे झुकूं लागतांच गाडी सुरक्षित जागीं सांवलींत घ्यावी. वाफ निघत नसेल आणि पाणी असल्याची खात्री असेल, तर इंजिन लगेच बंद न करतां एकदोन मिनिटें मोकळें फिरूं द्यावें, म्हणजे पाणी व पंखा चालू राहून उष्णता हळूहळू ओसरते. काटा तरीही चढत राहिला, किंवा वाफ येत असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावें. मग निदान अर्धा तास झांकणास हात लावूं नये. ज्या दाबामुळें ११० अंशांचें पाणी उकळत नव्हतें, तो दाब झांकण फिरवितांच नाहींसा होतो आणि सगळें पाणी एकदम उसळून तोंडावर येतें. अशा रीतीनें पोळलेलीं माणसें प्रत्येक तालुक्यांत आढळतात. अर्ध्या तासानंतर जाड फडकें धरून झांकण प्रथम अर्धवट फिरवावें, सुस्कारा थांबूं द्यावा, मगच काढावें. थंड पाणी एकदम ओतूं नये. तप्त धातूस तडा जातो. इंजिन सुरू ठेवून पाणी थोडें थोडें घालावें. अडचणींत विहिरीचें पाणी चालेल. मात्र घरीं पोंचल्यावर तें काढून टाकण्याची आठवण ठेवावी.

आणि सर्वांत मोठा मोह टाळावा: ‘आतां थोडेंच अंतर राहिलें आहे.’ ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. तापलेलें इंजिन तसेंच पुढें हांकलें, तर हेड वांकतें, गॅस्केट फाटतें, दट्ट्या नळकांड्यांत अडकतो; आणि झांकणाच्या एका चकतीचें काम सबंध इंजिनाच्या दुरुस्तीवर जातें. पाथर्डीपासून जवळच मढी येथें कानिफनाथांच्या यात्रेंत गाढवांचा मोठा बाजार भरतो. गाढवास लोक मूर्ख म्हणतात. परंतु ओझें असह्य झालें कीं तें जागच्या जागीं उभें राहतें आणि मालकाच्या काठीसही दाद देत नाहीं. इंजिनास तेवढीही बुद्धि नाहीं. तें स्वतःचा नाश होईपर्यंत धनी सांगेल तिकडे धांवतें. थांबण्याची अक्कल धन्यानेंच दाखविली पाहिजे.

जुन्या गाड्यांच्या मालकांवर आतां ही जबाबदारी अधिक आहे. अँबॅसिडरचें उत्पादन उत्तरपाड्यास २०१४ मध्यें थांबलें; मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. त्या गाड्यांचें अंग ओळखणारे मिस्त्री वृद्ध होत आहेत. त्यांनीं पन्नास वर्षांत मिळविलेलें ज्ञान फार मोठ्या यंत्रांत नाहीं. तें तळहातांत आहे आणि विचारलेल्या प्रश्नांत आहे. गाडी केव्हां तापते, कोठलें पाणी पिते, तें पाणी जातें कोठें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मालकानें एका वहींत टिपून ठेवलीं, तर निम्मी दुरुस्ती घरींच होते.

भाऊसाहेबांनीं तशी वही केली आहे. पुढच्या खेपेस पद्मिनीनें करंजीचा घाट चढला, तेव्हां काटा मध्यावरून किंचित् वर गेला आणि माथ्यावर पुन्हां खालीं आला. मागच्या वेळीं जेथें बसावें लागलें होतें तें वळण येतांच मातोश्रींनीं पिशवी संवरून उतरण्याची तयारी केली. गाडी थांबली नाहीं. त्या दिवशीं डॉक्टरांची वेळ साडेदहाची होती. मंडळी दहा वाजतांच दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसलीं.